वीजदराच्या सुनावणीत बाहेरचा तज्ज्ञ: कोकणाने तो मागावा का, आणि नेमका कशासाठी?

खाजणकाठ
वीजदराच्या पुढच्या याचिकेवर हरकत दाखल करायची म्हणून तालुक्याच्या ग्राहक संघटनेत मसुदा चालू आहे. त्यात एक मागणी घालायचं घाटतंय. किनारपट्टीच्या कामांवर वितरण कंपनी दाखवते तो भांडवली खर्च आणि फिडरवार (फिडर म्हणजे उपकेंद्रातून निघणारी वाहिनी) वीजहानीचे आकडे, या दोन्ही गोष्टी राज्य वीज नियामक आयोगाने बाहेरच्या स्वतंत्र तज्ज्ञाकडून तपासून घ्याव्यात, अशी.

प्रश्न तीन. कायद्यात अशी सोय आहे का? खर्च कोणाच्या माथी बसतो? आणि तज्ज्ञ नेमून काही हाती लागतं का?

माझं मत सांगून टाकतो. सल्लागार आयोगाकडे आजही आहेत, पण त्यांचं काम एक्सेलची बेरीज तपासणं. खाऱ्या वाऱ्यात तार किती वर्षं टिकते हे त्यांना कोणी विचारतच नाही, मग ते कशाला सांगतील?

झावळी
लाईट कधी येतली ता आधी सांगा, तज्ज्ञ मगे हाडा.

आकडेमोड
पहिल्या प्रश्नापुरतं. वीज कायदा २००३ मध्ये बाहेरच्या माणसाला आत घ्यायची चार दारं आहेत आणि लोक त्यांची सरमिसळ करतात.

कलम ९१(४): आयोग स्वतःच्या मदतीला सल्लागार नेमू शकतो. हा आयोगाचा माणूस, अहवाल आयोगाला देतो.

कलम ९४(३): सुनावणीत ग्राहकांचं हित मांडायला आयोग कोणालाही प्राधिकृत करू शकतो. महाराष्ट्रात प्रयास, मुंबई ग्राहक पंचायत यांसारख्या संस्था याच वाटेने वर्षानुवर्षं बाजू मांडत आल्या. हा ग्राहकांच्या बाजूचा तज्ज्ञ.

कलम ८७: राज्य सल्लागार समिती, जास्तीत जास्त २१ सदस्य. व्यापार, उद्योग, शेती, कामगार, ग्राहक, संशोधन संस्था असे सगळे. धोरणावर बोलते, तुमच्या फिडरवर नाही.

कलम १२८: परवानाधारकाने, म्हणजे वीज कंपनीने, अटी पाळल्या नाहीत असं आयोगाला वाटलं तर तो एखाद्या व्यक्तीला चौकशी अधिकारी म्हणून नेमू शकतो. हे हत्यार जड आहे. उल्लंघनाचा पाया दाखवल्याशिवाय ते मागितलं तर पहिल्याच दिवशी फेटाळलं जाईल.

तुमच्या कामाला ९१(४) लागतं, आणि जोडीला ९४(३). मसुद्यात नुसतं ‘तज्ज्ञ नेमा’ लिहू नका, कलम लिहा.

ठोकताळा
दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर कडू आहे. आयोगाचा खर्च भागतो तो मुख्यतः परवानाधारकांच्या शुल्कातून, आणि ते शुल्क फिरून दरातच येतं. म्हणजे तज्ज्ञाची फी तुमच्याच बिलात. तरी रक्कम हा मोठा मुद्दा नव्हे. शेकडो कोटींच्या भांडवली खर्चापुढे तपासणीची फी म्हणजे भाजीवरची कोथिंबीर.

खरी अडचण माणसांची. वीजदराचं काम करणाऱ्या सल्लागार कंपन्या देशात मोजक्या. एका राज्यात जी कंपनीची याचिका लिहिते तीच दुसऱ्या राज्यात आयोगाच्या बाजूने छाननी करते. त्यात बेकायदा काही नाही. पण ‘हा खर्च अवाजवी’ असं इथे लिहिलं तर उद्या तिथे तोच युक्तिवाद आपल्यावर उलटेल, हे ठाऊक असणारा माणूस पेन जपूनच चालवतो. म्हणून नेमणुकीच्या अटींत दोन ओळी हव्यात: मागच्या काही वर्षांत कोणत्या वीज कंपन्यांचं काम केलं त्याची जाहीर यादी, आणि हे काम संपल्यावर ठरावीक काळ त्या परवानाधारकाचं काम न घेण्याची हमी.

अंजनवेलचा बांध
तज्ज्ञांचं काय होतं ते बघायला कोकणाला दिल्लीला जायची गरज नाही. गुहागरात एन्रॉनने उभारलेला दाभोळ वीजप्रकल्प आहे.

१९९३ च्या एप्रिलमध्ये जागतिक बँकेने कर्ज नाकारताना सांगितलं होतं की एवढी महाग वीज राज्याला आर्थिकदृष्ट्या पेलणार नाही. बाहेरचा तज्ज्ञ, फुकटात मिळालेला सल्ला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये वीज खरेदी करार झाला. प्रकल्पाने ९० टक्के उपलब्धता दिली की वीज उचला नाहीतर न उचलता पैसे भरा, तेही डॉलरशी बांधलेले. पहिला टप्पा १९९९ च्या मे महिन्यात सुरू झाला आणि दोन वर्षांत राज्य वीज मंडळाने वीज घेणं थांबवलं. २००१ मध्ये माधव गोडबोले यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. दीपक पारेख, राजेंद्र पचौरी, ई. ए. एस. सरमा, किरीट पारीख असे जाणते सदस्य. एप्रिल २००१ मध्ये अहवाल आला, चांगला सडेतोड. पण तोवर करारावर सही होऊन सात वर्षं उलटली होती.

जाता जाता: प्रकल्पाचं नाव दाभोळ, पण दाभोळ गाव खाडीपलीकडे, दापोली तालुक्यात. प्रकल्प अलीकडे अंजनवेलला. नावापासूनच घोळ.

आकडेमोड
@अंजनवेलचा बांध, एक भर. १९९३ साली राज्यात वीज नियामक आयोगच नव्हता. नियामक आयोगांचा कायदा १९९८ चा, आपला आयोग ऑगस्ट १९९९ मधला. त्यामुळे करारातला दर सुनावणीत उलगडून विचारायला जागाच नव्हती. जागतिक बँकेचा सल्ला सरकारला होता, तो बंधनकारक आदेशाच्या कागदावर कधी उतरलाच नाही. तज्ज्ञाचं मत आदेशात उतरवायचं तर त्याचा अहवाल प्रकरणाच्या कागदपत्रांत दाखल झाला पाहिजे आणि दोन्ही बाजूंना त्यावर बोलायची संधी मिळाली पाहिजे. आयोगाने तो नाकारला तर कारण द्यावं लागतं, आणि त्या कारणावर कलम १११ खाली अपील करता येतं, आदेश मिळाल्यापासून ४५ दिवसांत. आयोगाच्या कपाटात राहणारा गोपनीय अहवाल तुमच्या उपयोगाचा नाही.

तारवाला
तिसऱ्या प्रश्नाकडे येऊ. तज्ज्ञाचा उपयोग होतो की नाही ते त्याला काय विचारता यावर आहे. ‘किनारपट्टीच्या यंत्रणेचा अभ्यास करावा’ असं विचारलंत तर दीडशे पानांत निसर्ग आणि तौक्ते या वादळांचे फोटो येतील. विचारायचं असं:

उच्चदाब वाहिनीवर सर्रास दिसणारी तार म्हणजे पोलादी गाभ्याभोवती ॲल्युमिनियमचे तंतू. त्यातली रॅबिट: सहा तंतू ॲल्युमिनियमचे, मधला एक पोलादाचा, प्रत्येक ३.३५ मिमी. खारी हवा फटींतून आत शिरते, गाभ्यावरचा जस्ताचा मुलामा संपतो, मग पोलाद आणि ॲल्युमिनियम एकमेकांना खातात. बाहेरून तार चकचकीतच दिसते. आत पांढरी भुकटी, जागोजागी फुगवटा. नव्या रॅबिटची तुटण्याची ताकद १८.२५ किलोन्यूटन. गाभा गेला की तिचा मोठा हिस्सा गेला, मग वादळ कशाला लागतं, माडाची एक झावळी पुरते.

(झावळीने रागावू नये.)

तर तज्ज्ञाला सांगायचं: समुद्रापासून १ किमी, ५ किमी आणि १५ किमी अंतरावरच्या वाहिन्यांतून प्रत्येकी दहा गाळ्यांतले (गाळा म्हणजे दोन खांबांमधलं अंतर) मीटरभर तुकडे काप, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत ताणून बघ आणि अंतरागणिक शिल्लक ताकद दे. मग ठरेल की सरसकट तार बदलायची की पहिल्या पट्ट्यातलीच. पोलादी गाभा नसलेली मिश्रधातूची तार पहिल्या पट्ट्यात बसवायची, मागे ग्रीस भरलेली साधी तारही चालून जाते. खर्चात केवढा फरक पडतो ते याचिकेतल्या दराने गुणून बघा.

दुसरं, इन्सुलेटर. अति खाऱ्या भागासाठी दर किलोव्होल्टला ३१ मिमी पृष्ठअंतर (इन्सुलेटरच्या पृष्ठभागावरून मोजलेली लांबी) धरतात. ११ केव्हीच्या यंत्रणेचा कमाल दाब १२ केव्ही, म्हणून ३७२ मिमी. खरेदीच्या निविदेत सगळ्या राज्याला एकच इन्सुलेटर आहे का, एवढं बघितलं तरी अर्धा अहवाल झाला.

चिंबोरी
सल्लागारांचो दौरो गणपतीत ठेवा. मोदक खाऊन अहवाल गोड येतलो.

मीटरवाचन
विनोद बाजूला, गणपतीचा मुद्दा हानीच्या आकड्यात खरोखर महत्त्वाचा आहे.

फिडरची हानी म्हणजे उपकेंद्रातल्या मीटरने मोजलेली वीज वजा त्या फिडरवरच्या सगळ्या ग्राहकांची बिलातली वीज. चुका शिरतात त्या साधारण अशा:

फिडरचं वाचन महिन्याच्या एक तारखेला, ग्राहकांचं महिनाभर पसरून. एरवी फरक थोडा. पण चाकरमानी आले की चार-आठ दिवसांत वापर उसळतो. तो फिडरवर या महिन्यात आणि बिलात पुढच्या. एका महिन्यात हानी वर, दुसऱ्यात खाली. म्हणून एका महिन्याचा आकडा कधीच मानू नये, बारा महिन्यांची चालती सरासरीच मागावी.

बंद घरं. मीटर कुलपाआड, वाचन नाही, मग सरासरी बिल. वापर शून्य असताना सरासरी लावली की कागदावर विक्री वाढते आणि हानी घटते. दार उघडल्यावर दुरुस्ती झाली की उलटं. सरासरी बिलं किती टक्के, हा रकाना नसेल तर हानीच्या रकान्यालाही अर्थ नाही.

सीटी रेशो. सीटी म्हणजे वाहिनीतला मोठा प्रवाह मीटरसाठी ठरावीक प्रमाणात लहान करणारा ट्रान्सफॉर्मर. उपकेंद्रात २००/५ ची सीटी काढून १००/५ बसवली आणि संगणकात गुणक तोच राहिला, तर मीटर दुप्पट वीज दाखवतो. खरी वीज १ लाख युनिट, विक्री ८८ हजार, हानी १२ टक्के. नोंदीत २ लाख, हानी ५६ टक्के. मग सगळे चोर शोधायला निघतात.

आणि वाहिनी फिरवणं. बिघाडात शेजारच्या फिडरवरून पुरवठा दिला, ग्राहकांची नोंद मात्र जुन्याच फिडरवर. एकाची हानी भरमसाट, शेजाऱ्याची उणे. उणे हानी दिसली की समजायचं, ही फाईल कोणी उघडून बघितलेली नाही.

ठोकताळा
@मीटरवाचन, हे सगळं कबूल. पण मग कंपनी म्हणेल, कोकणात वीजचोरी नगण्य, हानी आपोआप कमी, तपासता कशाला?

मीटरवाचन
उलट आहे. चोरी शून्य असली तरी वाड्यांवर हानी राहते. हिशोब बघा. ६३ केव्हीएचं रोहित्र (ट्रान्सफॉर्मर), डोंगराच्या टोकाला ३० घरं, निम्मी बंद. १५ घरं × ४० युनिट × १२ = ७,२०० युनिट विक्री. रोहित्र नुसतं जोडलेलं असलं तरी गाभ्यात वीज खातं. ती १५० वॅट धरली तर १५० × ८,७६० तास = १,३१४ युनिट. पुरवलेल्या विजेच्या १५ टक्के इथेच गेले, आणि तारेतली हानी अजून मोजलीच नाही.

याला दक्षता पथक काय करणार? इलाज एकच, लहान क्षमतेचं, कमी गाभाहानीचं रोहित्र. १६ किंवा २५ केव्हीए. गणपतीचा भार येईल म्हणून मोठं बसवायचं आणि उरलेले साडेअकरा महिने त्याला पोसायचं, हे गणित कोणी तपासत नाही. बाहेरच्या तज्ज्ञाने नेमकं हेच सांगायचं असतं: अमुक टक्के तांत्रिक, अमुक टक्के नोंदीतली चूक, उरलं ते व्यवस्थापनाचं. शेवटचं ग्राहकांच्या माथी मारू नये.

खारफुटी
थोडं विषयांतर. पाण्याच्या बाबतीत कायद्यातच सोय आहे. जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या २००५ च्या कायद्यात तज्ज्ञ सदस्य आहेत, शिवाय प्रत्येक खोरे अभिकरणाच्या क्षेत्रातून एक असे पाच विशेष निमंत्रित. म्हणजे कोकण खोऱ्याचाही एक. वीज आयोगात प्रदेशवार असं काही नाही.

चिंबोरी
वीज आयोगासाठी ‘कोकण’ म्हणजे बेलापूरचं कोकण भवन. महसुली विभागाची सुनावणी तिथे घेतली की कोकणाची झाली! सावंतवाडीहून साडेचारशेच्या आसपास किलोमीटर.

आकडेमोड
आता ऑनलाईन सुनावणीची सोय झाली आहे, त्यामुळे ती रड थोडी कमी. सूचना-हरकती आयोगाच्या संकेतस्थळावर टाकता येतात. मात्र जाहीर सुनावणी हा शेवटचा टप्पा असतो. त्याआधी तांत्रिक छाननीचं सत्र होतं, तिथे आयोगाचे सल्लागार कंपनीला त्रुटींची यादी देतात आणि प्राधिकृत ग्राहक प्रतिनिधींनाही बोलावतात. खरी लढाई तिथे. जाहिरात आल्यावर हरकतीला साधारण तीन आठवडे मिळतात, आणि आयोगाला कायद्याने १२० दिवसांत निकाल द्यायचा असतो. तज्ज्ञाचं क्षेत्रीय काम त्या मुदतीत बसत नाही. म्हणून चालू याचिकेत फक्त निर्देश मागायचा, आणि अहवाल पुढच्या मध्यावधी आढाव्याआधी दाखल व्हावा अशी तारीख घालून घ्यायची.

परदेशी पोफळी
कॅलिफोर्नियात याला वेगळी तोड काढली आहे. ग्राहकांच्या बाजूने उतरणारी संस्था आधी ‘आम्ही मोबदला मागणार’ अशी सूचना देते, पूर्वसुनावणीनंतर ३० दिवसांच्या आत. निकाल लागल्यावर ६० दिवसांत बिल सादर करते. आयोगाच्या निर्णयाला तिच्या मांडणीचा भरीव उपयोग झाला असेल तरच वकील आणि तज्ज्ञांची तासागणिक फी मिळते, वीज कंपनीकडून. उपयोग झाला नाही तर शून्य. कोणत्या तज्ज्ञाने कोणत्या मुद्द्यावर किती तास घातले याची नोंद द्यावी लागते, त्यामुळे फापटपसारा आपोआप गळतो.

ठोकताळा
हे आवडलं. फीपेक्षा ते ‘कोणत्या मुद्द्यावर किती तास’ आपल्याकडे आधी आणा.

कातळ
भूमिगत केबलबद्दल कोणीच बोललं नाही, आणि पैसा तर तिथेच आहे.

चक्रीवादळ धोका निवारणाच्या प्रकल्पातून, जागतिक बँकेच्या मदतीने, अलिबाग आणि रत्नागिरीसारख्या शहरांत भूमिगत वाहिन्यांचं काम घेतलं गेलं. तज्ज्ञाला पहिला प्रश्न पैशाच्या उगमाचा. अनुदानातून उभारलेल्या मालमत्तेवर कंपनीला घसारा आणि भागभांडवलावरचा परतावा दरातून घेता येत नाही, देखभाल खर्च तेवढा मिळतो. कर्ज आणि स्वतःचं भांडवल असेल तर ७०:३० धरून परतावा मिळतो. तेव्हा प्रत्येक योजनेपुढे अनुदान, कर्ज, भांडवल असे तीन रकाने मागा. एकत्र आकडा दिला असेल तर तिथेच हरकत.

दुसरा प्रश्न खोदाईचा. ११ केव्हीची केबल साधारण मीटरभर खोल. मऊ मातीतल्या चराचा दर आणि जांभ्यातल्या चराचा दर यांत मोठं अंतर. आपल्याकडे फूटभर मातीखाली कातळ लागतो, मग ब्रेकर. बिलात ‘कठीण खडक’ सरसकट १०० टक्के लावलेला असतो, किंवा बिल कठीण खडकाचं आणि केबल दीड फुटावर. दर २०० मीटरवर एक खड्डा उघडून खोली, खालची वाळू आणि वरचा विटांचा थर तपासला की दोन्ही उघड होतात. खड्डे कुठे, ते तज्ज्ञाने निवडायचे, कंपनीने नव्हे.

तिसरा, जोड. तीन गाभ्यांची केबल ड्रमवर साधारण अडीचशे ते पाचशे मीटर येते, म्हणजे किलोमीटरमागे दोन ते चार जोड. पावसात बिघाड होतो तो बहुतेक जोडातच. जोडाचं ठिकाण, करणाऱ्याचं नाव, तारीख, नंतरच्या चाचणीचा कागद. हे नसेल तर वादळात वाचलेली वाहिनी जुलैत चार दिवस बंद, आणि बिघाड शोधायची गाडी जिल्ह्याबाहेरून यायची.

माझं मत: बाजारपेठ, रुग्णालय, पाणीपुरवठ्याचे पंप यांना भूमिगत. वाड्यांना नाही. तिथे आवरण असलेली तार, जवळजवळ खांब आणि लघुदाबाला एरियल बंच केबल (आवरणाच्या तारांची एकत्र पिळलेली जुडी).

झावळी
वाडीक तज्ज्ञय नाय आणि केबलय नाय. बरां.

तारवाला
@कातळ, वाड्यांबद्दल पूर्ण सहमत नाही. आवरणाच्या तारेवर फांदी टेकली तर पुरवठा टिकतो, पण खारं पाणी आवरणाच्या फाटीत शिरलं की तेवढ्याच जागी तार खाल्ली जाते आणि बाहेरून कळत नाही. जोड आणि टॅपिंगच्या (तारेवरून फाटा काढायच्या) जागा सील केलेल्या हव्यात. हे काम ठेकेदार टाळतो, कारण मोजमाप पुस्तकात त्याला वेगळी ओळच नसते.

कातळ
मान्य. टॅपिंगची ओळ घालू.

अंजनवेलचा बांध
@खाजणकाठ, वीज ग्राहकांच्या तक्रार निवारण मंचाची वाट विसरू नका. त्याचा अध्यक्ष बाहेरचा असतो, ग्राहक संस्थेचा एक सदस्य असतो. कोकण परिमंडळाचा मंच रत्नागिरीतच आहे. ग्रामीण भागात रोहित्र बदलायला ४८ तासांची मुदत आहे, ती हुकल्याच्या तक्रारींवरचे मंचाचे आदेश हरकतीला जोडा. तज्ज्ञ नेमायला आयोगाला कारण लागतं आणि असे दहा आदेश म्हणजे कारण. फक्त वादळाच्या दिवसांतले वगळा, तिथे नैसर्गिक आपत्तीची सूट असते आणि कंपनी पहिलं बोट त्यावरच ठेवील.

खाजणकाठ
सगळ्यांचे आभार. मसुद्याचा भाग असा झालाय, बघा:

‘कलम ९१(४) नुसार सल्लागार नेमून (१) किनाऱ्यापासून १, ५ व १५ किमी पट्ट्यांतील तारेची शिल्लक ताकद व इन्सुलेटरवरील क्षार, (२) निवडक २० फिडरांची बारा महिन्यांची हानी, सीटी गुणक, सरासरी बिले व वाहिनी-नोंदीसह, (३) भूमिगत योजनांचा निधीस्रोत व प्रत्यक्ष खोली, एवढेच तपासावे. मूळ नोंदी सल्लागारास थेट उपलब्ध कराव्यात. अहवाल प्रकरणात दाखल करून त्यावर हरकती मागवाव्यात. सल्लागाराने आपल्या मागील कामांची यादी जाहीर करावी.’

मीटरवाचन
२० फिडर कंपनीने निवडायचे नाहीत, चिठ्ठ्या टाकून. आणि उणे हानीचे किमान पाच त्यात सक्तीने.

तारवाला
क्षार मोजायची तारीख घाला. ऑक्टोबरपासून मीठ साचत जातं, पहिला जोराचा पाऊस सगळं धुऊन नेतो. सल्लागार जुलैत आला तर इन्सुलेटर स्वच्छ, अहवालही स्वच्छ. एप्रिलच्या मध्यापासून मे अखेर, पहिल्या सरीच्या आत. इन्सुलेटर उतरवून डिस्टिल्ड पाण्याने धुवायचा आणि त्या पाण्याची वाहकता मोजायची.

खाजणकाठ
घातली. १५ एप्रिल ते ३१ मे.

कातळ
वाहिनी बंद करायचं परमिट कोण घेणार तेही लिहा. शाखा अभियंत्याने घ्यायचं आणि वायरमन कंपनीने द्यायचा. नाहीतर तज्ज्ञ खांबाखाली उभा राहून फोटो काढील आणि जाईल.